अरवना यबूसीचे खळे आणि आपले कोसाड

शास्त्रपाठ : २ शमुवेल २४:१०-२५



शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय आपण उपासनेत क्वचितच वाचतो. वाचला तरी समजावून सांगायला अवघड जातो, म्हणून पाळकसुद्धा त्याला वळसा घालून जातात. गोष्ट थोडक्यात अशी. दावीद राजाला आपल्या लोकांची शिरगणती करावीशी वाटते. यवाब सेनापती नको म्हणतो, पण राजापुढे त्याचे चालत नाही. नऊ महिने वीस दिवस सरदार देशभर फिरतात आणि आकडा आणतात : इस्राएलात आठ लाख, यहूदात पाच लाख. हा आकडा तलवार चालवणाऱ्या पुरुषांचा. बायका, मुले, म्हातारे त्यात नाहीत. मग देशात मरी येते. तीन दिवसांत सत्तर हजार माणसे जातात. आणि यरुशलेमेला येऊन ती जिथे थांबते, ती जागा असते अरवना नावाच्या एका यबूसी माणसाचे खळे.

यबूसी म्हणजे कोण, हे लक्षात घेतल्याशिवाय या गोष्टीची चव कळत नाही. यरुशलेम मुळात यबूसी लोकांचे नगर. दाविदाने ते जिंकून घेतले, त्याला आपले नाव दिले, तिथे राजवाडा बांधला. पण यबूसी लोक कुठे गेले नाहीत. ते त्याच नगरात, नव्या मालकांच्या शेजारी, वेगळ्या कुळाचे आणि वेगळ्या रक्ताचे म्हणून राहत होते. यहोशवा आणि शास्ते या दोन्ही पुस्तकांत तशी नोंद आहे. राजधानीतले ते अल्पसंख्य. राजाच्या शिरगणतीच्या यादीत अरवनाचे नाव असण्याचे काही कारण नव्हते. तो आपल्या खळ्यावर गहू मळत होता.

मरीची गोष्ट आणि शहरातल्या परक्याची गोष्ट शास्त्राने इथे एकत्र बांधली आहे. आम्ही कोसाडला राहतो. या गावाजवळून, आमच्या हयातीत, मरी दोनदा गेली. म्हणून हा अध्याय आम्हाला जवळचा वाटतो आणि आज त्याच्या उजेडात थोडा इतिहास सांगावासा वाटतो.

आधी कोसाड. तापीच्या उत्तरेला, अमरोलीला लागून असलेले हे जुने गाव. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर उत्राणनंतरचे छोटे स्टेशन. बाहेरच्यांना मात्र कोसाड म्हटले की कोसाड आवास आठवते : चार-चार मजल्यांच्या एकसारख्या इमारतींच्या रांगा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली. त्यानंतर तापीकाठच्या आणि शहरातल्या इतर झोपडपट्ट्यांतली कुटुंबे महापालिकेने इथल्या घरांत आणून वसवली. एका जिन्यावर चार भाषा ऐकू येतात. खानदेशी मराठी आणि अहिराणी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि अर्थातच गुजराती. सुरत महापालिका आपल्या शाळा सात माध्यमांतून चालवते, त्यात मराठीही आहे. यावरूनच समजावे की हे शहर कोणाकोणाच्या हातांवर उभे आहे.

आपण मराठी माणसे इथे आलो ती तापीच्या प्रवाहाबरोबर, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नदी खानदेशातून येते, भुसावळ-सुरत रेल्वेही तिच्याच खोऱ्यातून येते. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर या स्टेशनांवर चढायचे आणि उधना किंवा सुरतेला उतरायचे. लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा, उधना या भागांत मराठी पाट्या, मराठी भजने आणि मराठी भांडणे सगळे सापडते. तरीही गुजराती वर्तमानपत्रात आपल्यासाठी शब्द येतो ‘परप्रांतीय’. हाच शब्द मुंबई-पुण्याची मराठी माणसे उत्तर भारतीयांसाठी वापरतात. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला या शब्दाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत, आणि त्याबद्दल आम्ही देवाचे आभारच मानतो.

आता पहिली मरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला. भूकंपाच्या धास्तीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, घरांत धान्य तसेच पडून राहिले, उंदीर माजले, अशी त्याची कारणे तेव्हा सांगितली गेली. त्यानंतर महिन्याभरात, सप्टेंबर १९९४ च्या तिसऱ्या आठवड्यात, सुरतेत माणसे मरू लागली. तापी, कफात रक्त, श्वास लागणे, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. हा फुप्फुसाचा प्लेग होता. गाठीच्या प्लेगला पिसवा लागतात. याला माणसाचा खोकला पुरतो. वेळेवर टेट्रासायक्लिन मिळाले तर माणूस वाचतो, उशीर झाला तर सहसा वाचत नाही.

सुरुवात झाली वेड रोड आणि कतारगाम या भागांतून. आमच्या बाजूने पाहिले तर तापीच्या पलीकडच्या तीरावर. तेव्हा कोसाड महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव होते, आवास नव्हते. त्या पावसाळ्यात तापीला पूर येऊन सखल वस्त्यांत पाणी भरले होते आणि ओसरताना चिखल आणि मेलेली जनावरे मागे ठेवून गेले होते. गणेशोत्सव नुकताच झालेला. लूमवर आणि हिऱ्याच्या घंटीवर काम करणारी तरुण माणसे एकेका खोलीत दाटीने राहत होती. जे आजारी पडले त्यांत अशाच वस्त्यांतले, कामकरी वयाचे लोक पुष्कळ होते. पहिल्या रात्री अफवा उठली की पिण्याच्या पाण्यात कोणी विष कालवले. दुसऱ्या दिवशी प्लेगचे नाव उच्चारले गेले आणि मग कोणी थांबायला तयार नव्हते.

आमच्या मंडळीतली वयस्क माणसे ते दिवस अजून सांगतात. रुमाल बांधलेले चेहरे, औषधाच्या दुकानांपुढे झुंबड, सगळीकडून गायब झालेले टेट्रासायक्लिन. खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. ज्यांच्या दारात लोक रोज रांग लावत, ते डॉक्टर आधी गेले. सरकारी इस्पितळातले मात्र थांबले, आणि हे नोंदवून ठेवले पाहिजे. तिथल्या परिचारिका आणि सफाई कामगारांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. रुग्ण घाबरून पळून जाऊ नयेत म्हणून इस्पितळाला पहारा बसवावा लागला. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून काही दिवसांत लाखो माणसे निघून गेली. चौथाई शहर रिकामे झाले, असे अंदाज तेव्हाच छापून आले. गाड्यांच्या टपावर बसून लोक खानदेशात, सौराष्ट्रात, मुंबईला, उत्तर प्रदेशात, ओरिसात गेले.

प्रत्यक्षात मृत्यूंचा सरकारी आकडा साठाच्या आत राहिला. इतक्या मोठ्या शहराच्या मानाने तो लहान म्हणावा लागेल. पण भीतीला आकड्याशी देणेघेणे नसते. परदेशांनी भारताची विमाने थांबवली, माल नाकारला. आणि देशाने सुरतेकडे तसेच पाहिले. मुंबईत सुरतेकडून येणाऱ्या गाड्यांतले प्रवासी स्थानकावर तपासले जाऊ लागले, संशय आला की कस्तुरबा रुग्णालय. गावोगावी सुरतेहून आलेला मुलगा घरात घ्यावा की नाही, यावर बैठका झाल्या. सुरतेत हाच मुलगा परप्रांतीय होता. बीडहून आलेल्या मजुरांनी प्लेग आणला, हा तर्क पहिल्या आठवड्यातच तोंडोतोंडी झाला होता. गावी पोचल्यावर तो सुरती झाला. दोन्हीकडे रोग त्याच्या नावावर लिहिला गेला.

सुरतेचे समाजशास्त्रज्ञ घनश्याम शाह यांनी या साथीवर १९९७ मध्ये पुस्तकच लिहिले. प्लेगकडे पाहताना त्यांनी शहराची वाढ आणि सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था यांचा हिशेब मांडला. शहर भराभर वाढले, गटारे आणि नळ त्या वेगाने वाढले नाहीत, आणि ज्यांच्या श्रमावर शहर वाढले त्यांच्याच वस्त्यांत कचरा आणि सांडपाणी राहिले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. हे खरेच मोठे काम होते. गल्लीगल्लीत रात्री झाडू फिरू लागला. अधिकारी सकाळी कार्यालयात बसण्याऐवजी रस्त्यावर दिसू लागले. झाडू मात्र ज्यांच्या हातात होते, त्यांची घरे कुठे होती हा प्रश्न मागेच राहिला.

या गोष्टी सुरतेत पहिल्यांदाच घडल्या असे नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात याच्या शंभर वर्षे आधीची पाने आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा काही महिन्यांत जवळपास अर्धी मुंबई गाव सोडून गेली. गिरणी कामगार कोकणात आणि देशावर परतले, आणि रोगही त्यांच्या बरोबर फिरला. वांद्र्याच्या आणि गिरगावच्या जुन्या ईस्ट इंडियन वस्त्यांत रस्त्याकडेला जे क्रूस उभे दिसतात, त्यांतले पुष्कळसे त्या दहा वर्षांतले आहेत. लोक उघड्यावर, क्रूसापाशी जमून प्रार्थना करत.

पुण्यात तर या साथीने आपल्याला एक संस्थाच दिली. पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळातून अनाथ मुली आणि बालविधवा गोळा करून आणत होत्या. प्लेगच्या नियमांमुळे शहरात इतक्या जणींना ठेवायला मनाई झाली. रमाबाई त्यांना घेऊन केडगावच्या शेतावर गेल्या, सुरुवातीला तंबू आणि झोपड्यांत. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. त्याच वर्षी, १८९७ मध्ये, पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांना कसे वागवले जाते यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, तरीही लिहिले. सरकारला ते आवडले नाही. आपल्या मंडळ्यांत रमाबाईंचे चरित्र सांगताना केडगाव सांगितले जाते, पत्र सांगितले जात नाही. आम्हाला दोन्ही एकाच अंतःकरणातून आलेली वाटतात.

आता दुसरी मरी, जी आपण सगळ्यांनी पाहिली. कोरोनाने गुजरातमधला पहिला बळी २२ मार्च २०२० रोजी सुरतेतच घेतला. दोन दिवसांनी संध्याकाळी पंतप्रधानांनी लॉकडाऊन जाहीर केला आणि चार तासांत देश बंद झाला. १९९४ आणि २०२० यांतला मोठा फरक इथे आहे. प्लेगच्या वेळी परका माणूस पळून जाऊ शकला. भीती होती, गर्दी होती, पण गाडी होती. कोरोनाच्या वेळी गाडीच थांबली आणि तो जिथे होता तिथे अडकला. घर म्हणजे काय, तर गंजाम जिल्ह्यातून आलेल्या उडिया लूम कामगाराचे घर म्हणजे मेस : एका हॉलमध्ये पाळीपाळीने झोपणारी माणसे, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच अंथरुणावर. लूम बंद झाली की पगार बंद, पगार बंद झाला की मेसवाल्याची उधारी. एकमेकांपासून दोन हात लांब राहा, हा सल्ला तिथे कोणी आणि कसा पाळायचा?

१० एप्रिलच्या रात्री लसकाणात हे कामगार रस्त्यावर आले. गाड्या जळल्या, पोलिसांनी अनेकांना पकडले. १४ तारखेला लॉकडाऊन वाढल्याचे कळताच वराछात पुन्हा गर्दी झाली. मागणी साधी होती : आमचे पैसे द्या, जेवायला द्या, नाहीतर गावी जाऊ द्या. मे महिन्याच्या सुरुवातीला श्रमिक गाड्या सुटू लागल्या. तिकिटाचे पैसे कोणी भरायचे, यावर दिल्लीत वाद चालू असताना इकडे माणसांनी उसनवारीने ते भरले होते. गंजामला पोचल्यावर पुन्हा १९९४. ओरिसाने सरपंचांना जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार दिले, आलेल्यांना शाळांत ठेवले. चाचणी झाल्याशिवाय कोणाला येऊ देऊ नये, असा तिथल्या उच्च न्यायालयाचा आदेश निघाला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. त्या उन्हाळ्यानंतर गंजाम हाच ओरिसातला सर्वाधिक रुग्णांचा जिल्हा झाला आणि दोष सुरतेहून आलेल्यांच्या माथी बसला.

आपली खानदेशी माणसे गाडीची वाट न पाहता निघाली. अंतर फार नव्हते, असे बसून म्हणता येते. सुरतेहून नंदुरबार रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या वर आहे. व्यारा, सोनगड, मग नवापूर. नवापूर स्टेशनची गंमत मुलांना सांगतात की अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. त्या एप्रिलमध्ये ती गंमत राहिली नव्हती. सीमेवर नाका होता. गुजरातला हा माणूस महाराष्ट्राचा, महाराष्ट्राला तो गुजरातहून आलेला. रुळांच्या कडेने, खडीवरून चालत माणसे गेली, कडेवर मूल आणि डोक्यावर गाठोडे. चालणाऱ्यांनी रूळ का धरले? रस्त्यावर पोलीस होते आणि रूळ वाट चुकू देत नाहीत. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला सोळा मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातली ही माणसे जालन्याहून भुसावळला निघाली होती, गाडी पकडायला. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

इथे कोसाडमध्ये मंडळीच्या वतीने आम्ही थोडे तांदूळ, डाळ, तेल, साबण वाटायचे. वाटताना यादी करावी लागे, म्हणजे एका घराला दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही असे व्हायला नको. नाव विचारले की लोक बिचकत. कशाला लिहिता? कोणाला देणार? आधार कार्ड दाखवतो पण फोटो काढू नका. मुसलमान घरांत ही भीती जास्त होती आणि तिला कारण होते. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याची बातमी आल्यावर देशभर रोगाला धर्म दिला गेला. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवले गेले. त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले. संकटात सरकार बळीचा बकरा शोधते आणि यांना त्यासाठी निवडले असावे, असे त्या निकालात म्हटले आहे. लेवीयच्या सोळाव्या अध्यायातला तो बोकड आपल्याला माहीत आहे. सगळ्यांची पापे त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि त्याला रानात हाकलून द्यायचे. आपल्या विश्वासाप्रमाणे ते ओझे ख्रिस्ताने एकदाच आणि कायमचे उचलले. मग दर साथीला नवा बोकड शोधायचा हक्क कोणालाच उरत नाही, ख्रिस्ती माणसाला तर मुळीच नाही.

जाता जाता एक गोष्ट. दोन्ही साथींच्या वेळी असे उपदेश ऐकू आले की हा अमक्यांच्या पापाचा दंड आहे. आम्हाला ते पटत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न प्रभूपुढे होता, आणि प्रभूने स्पष्ट नकार दिला. लूकच्या तेराव्या अध्यायात ते आहे. दाविदाच्या गोष्टीतही पाप राजाचे आहे आणि तो ते कबूल करतो. या मेंढरांनी काय केले, असे तो देवाला विचारतो. सत्तर हजारांवर बोट दाखवत नाही.

मोजणीकडे परत येऊ. १९७९ चा एक कायदा तेव्हा लागू होता, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला नेलेल्या मजुरांची नोंद ठेवावी असे सांगणारा. सुरतेच्या लूमवाल्यांकडे बहुतेक कामगारांची अशी नोंद नव्हती. ते ठेकेदाराच्या वहीत होते, किंवा कुठेच नव्हते. लॉकडाऊनमध्ये किती स्थलांतरित मजूर मेले, असे सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारले गेले, तेव्हा सरकारचे उत्तर होते की अशी माहिती ठेवलेली नाही. दाविदाने तलवार चालवणारे मोजले. आपल्या काळात मीटर मोजले जातात. सुरतेत दिवसाला किती कापड निघते हे विचारा, आकडा लगेच मिळेल. ते विणणारे किती, यावर गप्प. म्हणूनच आम्हाला दाविदाच्या शिरगणतीतला दोष मोजण्यात दिसत नाही. शास्त्राच्या चौथ्या पुस्तकाचे नावच गणना आहे, आणि ती मोजणी देवानेच सांगितली होती. दोष कशासाठी मोजले यात आहे. ज्याचा उपयोग तो मोजायचा आणि बाकीचे नाहीत असे धरायचे.

२०२१ च्या एप्रिलमधली दुसरी लाट आठवणे जड जाते. सुरतेच्या अश्विनीकुमार आणि कुरुक्षेत्र स्मशानांत गॅसच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या राहिल्या, इतक्या की आतल्या लोखंडी चौकटी वितळल्या. त्या दिवसांत मृतदेह नेण्याचे काम करणाऱ्यांत एकता ट्रस्टचे अब्दुलभाई मलबारी आणि त्यांचे साथीदार होते. हे लोक कित्येक वर्षे बेवारस मृतदेहांचे अंत्यसंस्कार करत आले आहेत. कोरोनात सख्ख्या मुलांनी हात लावायला नकार दिलेली प्रेते त्यांनी उचलली. हिंदूला अग्नी, मुसलमानाला दफन, ख्रिस्ती माणसाला त्याच्या रीतीने. वर्षभरापूर्वी ज्या समाजाकडे बोट दाखवले गेले होते, त्यातली ही माणसे. गणनेच्या सोळाव्या अध्यायात मरी पसरत असता अहरोन धूपपात्र घेऊन धावत जातो आणि मेलेले व जिवंत यांच्या मध्ये उभा राहतो. तो याजक होता, ते त्याचे काम होते. अब्दुलभाईंना ते कोणी नेमून दिले नव्हते. पीपीई किट घालून उन्हाळ्यात दिवसभर उभे राहणे काय असते, हे ज्याने एकदा घातले त्यालाच विचारावे.

आता खळ्याकडे. गाद संदेष्टा दाविदाला सांगतो की अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांध. राजा स्वतः चालत जातो. अरवना वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, महाराज माझ्याकडे का आले? कारण कळल्यावर तो सगळे देऊ करतो : खळे घ्या, बैल होमार्पणाला घ्या, मळणीचे औत आणि जू लाकूड म्हणून घ्या. त्याच्या देण्यात भक्ती होती की भीती, हे शास्त्र उघड करत नाही. जिंकलेल्या नगरातला यबूसी, दारात राजा आणि त्याचे सेवक. नाही म्हणायची सोय होती का? दावीद मात्र फुकट घेत नाही. ज्याची मला किंमत पडली नाही ते मी देवाला वाहणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो आणि पन्नास शेकेल रुपे मोजून देतो. वेदी बांधली जाते, मरी थांबते. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे की शलमोनाचे मंदिर याच जागी उभे राहिले. म्हणजे अख्ख्या इस्राएलाचे पवित्र स्थान एका परक्याच्या जमिनीवर आहे, पण दाम मोजून घेतलेल्या जमिनीवर.

आम्हाला या अध्यायातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे किमतीचे वाटते. २०२० मध्ये सुरतेत अनेक कारखान्यांनी मार्चचा अर्धा पगार दिला, एप्रिलचा दिला नाही. दिवाळीच्या आधी ऑर्डरी आल्या, तेव्हा त्याच कारखानदारांनी गंजामला बसेस पाठवल्या, आगाऊ रक्कम देऊ केली. मागचे थकलेले मात्र बहुतेकांचे थकलेलेच राहिले. आपल्या मंडळीत लूमवर काम करणारे आहेत आणि चार-सहा मशीन चालवणारे दोन-तीन जणही आहेत. त्यांच्यातल्या एकाने त्या वर्षी नाताळच्या आधी आपल्या सहा कामगारांचा एप्रिलचा पगार पूर्ण दिला. कर्ज काढून दिला. उपासनेत त्याबद्दल साक्ष द्यायला सांगितले तर नको म्हणाला. देणे होते ते दिले, त्यात साक्ष कसली, असे त्याचे म्हणणे. म्हणून नाव लिहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सर्व राज्यांना बजावले की एक देश एक रेशनकार्ड योजना ३१ जुलैपर्यंत लागू करा, म्हणजे गावच्या कार्डावर कामाच्या ठिकाणी धान्य मिळेल. त्याच वर्षी २६ ऑगस्टला असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू झाले. दोन्ही गोष्टी साथीने दिल्या, उशिरा दिल्या. कोसाड आवासात अजूनही अशी घरे आहेत की जिथे कार्ड गावी सासऱ्याच्या पेटीत आहे आणि इथे बाजारभावाने तांदूळ येतो.

त्यासाठी उपासनेनंतर सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही टेबल लावतो. ई-श्रमची नोंदणी आणि रेशनकार्डाची चौकशी दोन्ही तिथे होतात. येताना आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँकेचे पासबुक आणावे. रेशनकार्ड गावी असेल तर त्याचा नंबर फोनवर मागवून घ्यावा, किंवा दोन्ही बाजूंचा फोटो मागवावा. काहींचा आधारवरचा मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. त्यांनी आधी तो बदलून घ्यावा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि फेरी वाया जाते. शेजारी कोणत्याही भाषेचा, कोणत्याही धर्माचा असो, त्यालाही बरोबर आणावे. उडिया बोलणारा एक तरुण आता आमच्यासोबत बसतो, तेलुगूसाठी अजून कोणी मिळालेले नाही. तुमच्या ओळखीत असेल तर कळवा.